अपत्ये : दोन

‘विवाहानंतर सुरुवातीचे काही दिवस सामनेवाले यांनी अर्जदार हिस बरे नांदविले.’

हे वाक्य मी आजवर किती वेळा टाइप केलं असेल, देव जाणे. आता तर टाइपही करावं लागत नाही. कॉम्प्युटरमध्ये ‘डीव्ही नमुना’ नावाची फाइल आहे, डीव्ही म्हणजे कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज. ती उघडायची, नावं-गावं बदलायची, लग्नाची तारीख बदलायची, की अर्ध्या तासात अर्ज तयार. आधी बरे नांदविले. मग किरकोळ कारणावरून कुरबुरी, मग माहेरून पैसे आणण्याचा तगादा, उपाशीपोटी ठेवणे, शिवीगाळ, मारहाण आणि शेवटी ‘अंगावरील वस्त्रानिशी घराबाहेर हाकलून दिले’.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टासमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. आधी नाना, म्हणजे माझे वडील, कोर्टाच्या आवाराबाहेर पिंपळाखाली रेमिंग्टन टाइपरायटर घेऊन बसायचे. मी बारावीनंतर त्यांच्या शेजारी स्टूल टाकलं आणि मराठी टायपिंगची, मिनिटाला 30, मग 40 शब्दांची परीक्षा दिली. ‘बरे नांदविले’ हे वाक्य नानांच्याच काळातलं. मी एकदा विचारलं होतं, की नाना, सगळ्याच जणींना आधी बरं कसं नांदवतात? नाना म्हणाले, “तसं लिहिल्याशिवाय त्रास कधी सुरू झाला ते साहेबांना कळणार कसं?” साहेब म्हणजे न्यायाधीश. मला तेव्हा पटलं होतं.

या नमुन्यातला तिसरा परिच्छेद मुलांचा. ‘सदर विवाहसंबंधातून अर्जदार हिस सामनेवाले नं. 1 यांचेपासून दोन अपत्ये झाली असून ती सध्या अर्जदार हिचे ताब्यात आहेत.’ झालं. मुलांविषयी एवढंच. शेतजमिनीच्या दाव्यातही मी ‘ताब्यात’च टाइप करते, ओढून नेलेल्या ट्रॅक्टरच्या अर्जातही ‘ताब्यात’च.

सहा-सात वर्षांपूर्वी एका बाईच्या अर्जात माझ्या हातून आधीच्या बाईचा तिसरा परिच्छेद तसाच राहून गेला. तिला एकच मुलगी, आणि अर्जात ‘दोन अपत्ये’. उलटतपासाला समोरच्या वकिलांनी शांतपणे विचारलं, “बाई, तुमचं दुसरं अपत्य कुठं आहे?” कोर्टात दोघंतिघं हसले म्हणे. सही करण्याआधी तिच्या वकिलांनी वाचायला हवं होतं हे खरं, पण बोटं माझी होती. दुरुस्तीचा अर्ज मी फुकट टाइप करून दिला. ती मला काही बोलली नाही. झेरॉक्सचे मात्र पैसे मोजून ठेवले, घेऊ नको म्हटलं तरी.

पुढच्या वर्षी तालुका विधी सेवा समितीला विधी स्वयंसेवक हवे होते. मी नाव दिलं. प्रशिक्षण झालं, ओळखपत्र मिळालं. तेव्हापासून आठवड्यातले दोन दिवस कोर्टातल्या मदतकक्षात बसते आणि बाकीचे दिवस दुकानात. काम सारखंच, फक्त एकीकडे पानाचे पैसे घेते.

तिथं बसल्यावर पहिली गोष्ट समजली ती अशी, की लोकांना फुकट वकील म्हणजे दारिद्र्यरेषेचं कार्ड असलेल्यालाच, असं वाटतं. तसं नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा, त्याच्या कलम 12 प्रमाणे बाईला आणि मुलाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. नवऱ्याची चारचाकी असली तरी तिला मिळतो. 15100 हा त्यासाठीचा फोन. शिवाय अशा प्रकरणात बायकांना कोर्ट फी स्टॅम्प लागत नाही, ही माफी महाराष्ट्रात 1994 पासून आहे. तरी ‘स्टॅम्पचे’ म्हणून पैसे देऊन आलेल्या बायका मी पाहिल्यात. कुणाला दिले ते त्या सांगत नाहीत, मीही विचारत नाही.

सरकारी पॅनलवरचा वकील लक्ष देत नाही ही दुसरी तक्रार. काही देत नाहीत, हे मी कोर्टासमोर बसून म्हणते म्हणजे बघा. पण पंधरा हजार घेऊन तारखेला ज्युनिअर पाठवणारेही मला ठाऊक आहेत. पॅनलवरच्याशी जमलं नाही, तर समितीला अर्ज देऊन वकील बदलून मागता येतो.

आता ज्या मायलेकरांसाठी हे लिहायला बसले त्यांच्याकडे येते. गाव, वयं, नाती यांत मी मुद्दाम फेरफार केलाय. मुलांची ओळख उघड करायची नाही असा कायदा आहे आणि तो नसता तरी केली नसती. हा मजकूर आईला फोनवर वाचून दाखवलाय. तिचं एकच म्हणणं आलं, “साडीचं लिवा.”

श्रावणातला सोमवार होता, कारण डब्यात साबुदाण्याची खिचडी होती. पाऊस धरून होता. ती आधार कार्डाच्या झेरॉक्सला आली. बरोबर तेरा वर्षांचा मुलगा, त्याच्या हातात प्लास्टिकची फाइल, आणि सहा वर्षांची मुलगी. मुलगी सरळ आत आली आणि झेरॉक्स मशीनला पाठ लावून खाली बसली. भिजली होती आणि मशीन गरम असतं. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आईच्या डाव्या कानामागून मानेपर्यंत काळंनिळं होतं, पदर घट्ट घेऊनही दिसत होतं. आदल्या दिवशी ती पोलिसांकडे जाऊन आली होती. “घरगुती मामला आहे, मिटवून घ्या,” असं म्हणून तिथं एक एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून हातात कागद दिला होता. वास्तविक अशी बाई आली की तिला कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज करता येतो, संरक्षण अधिकारी असतो, फुकट वकील मिळतो, हे सांगणं पोलिसांचं कामच आहे, त्याच कायद्याचं कलम 5. ते सांगायचं राहिलं, असं धरू.

मी विचारलं, “किती दिवसांपासून मारतोय?”

“काय सांगायचं ताई, नेहमीचंच.”

“आता कधी मारलं?”

“तेरवा.”

“त्याआधी?”

“त्याआधी… असतंच की.”

कुठलीही बाई असंच सांगते. पंधरा वर्षांचा मार ‘असतंच की’मध्ये बसतो. आणि मग आम्ही नमुन्यातलं ‘वेळोवेळी मारहाण केली’ टाकतो. ‘वेळोवेळी’ म्हणजे कधी ते सांगता येत नाही, म्हणून समोरचा वकील ‘मोघम आरोप’ म्हणतो आणि ते त्याला शोभतं.

एवढ्यात मुलगा म्हणाला, “बेंदराच्या आदल्या रात्री.”

माझ्या भिंतीवर कालनिर्णय असतं, दर महिन्याच्या पानावर तारखांच्या चौकटीत वकिलांची नावं खरडलेली. पानं मागं उलटली. त्यात बेंदूर दोन असतात, ज्येष्ठात कर्नाटकी, आषाढात महाराष्ट्रीय. “कुठला रे?” म्हटलं.

“आपला. शिंगं रंगवायला ऑइलपेंटचा डबा आणलेला. तोच फेकला आईच्या अंगावर.”

आई म्हणाली, “निळा. साडीवर हाय अजून, निघत नाही.”

“टाकून नाही ना दिली?”

“टाकतीय कशाला, रानात नेसायला होते.”

मग तास-दीड तास आम्ही कालनिर्णय उलटं वाचत बसलो. चाचणी परीक्षेत इतिहासाचा पेपर होता त्याच्या आदल्या रात्री. गावच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, मटणावरून. साखर कारखान्याचं उसाचं बिल बँकेत जमा झालं त्या आठवड्यात सलग तीन रात्री, दारू होती तोवर. तारखा पोरगा सांगत होता आणि त्या दिवशी काय झालं ते आई. त्याच्या बोलण्यानं तिला आठवत होतं. एकूण अकरा तारखा निघाल्या. अकरा! तिची केस पुढं ज्यांनी चालवली त्या वकीलबाई नंतर म्हणाल्या, की एवढ्या तारखा असलेला अर्ज त्यांनी पहिल्यांदाच बघितला.

मध्येच मी सहज विचारलं, घरात हत्यारं वगैरे आहेत का? शेतकऱ्याच्या घरात असतातच. पोरगा म्हणाला, “जेवणं झाली की विळी आणि दोन्ही कोयते मी गोठ्यात पेंडीच्या पोत्याखाली ठेवतो. पहाटे आणून ठेवतो परत.”

त्याच्या आईला हे ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, विळी सासू उचलून ठेवते.

मी टाइप करायचं थांबवलं आणि चहा सांगितला. मुलीला बिस्किटाचा पुडा दिला. तिनं तो फोडला नाही, फ्रॉकच्या खिशात ठेवला.

त्या दिवशी ‘डीव्ही नमुना’ उघडलाच नाही. कोरं पान घेतलं.

कायद्याचं नाव लांबलचक आहे, ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005’. ऑक्टोबर 2006 पासून लागू. कोर्टासमोर आम्ही त्याला नुसतं ‘डीव्ही’ म्हणतो. नावात ‘महिला’ असल्यानं मुलांचं त्यात काही नसेल असं मलाही वर्षानुवर्षं वाटायचं. प्रत्यक्षात 18 वर्षांखालचं मूल म्हणजे कोण, हे सुरुवातीलाच सांगितलंय, सावत्र, दत्तक, सांभाळायला आणलेलं, सगळी त्यात येतात. कलम 18 मध्ये संरक्षण आदेश आहे, त्यात मारणाऱ्याला मुलाच्या शाळेत पाऊल ठेवायलाही बंदी घालता येते. कलम 20 मध्ये मुलांच्या खर्चाचे पैसे. कलम 21 मध्ये मुलांचा तात्पुरता ताबा, आणि बापाच्या भेटीनं मुलांना धोका असेल तर भेट नाकारण्याचा अधिकार. नमुन्यात विनंतीच्या परिच्छेदात आम्ही यातलं पोटगी आणि ताबा एवढंच मागत होतो. मागितलंच नाही तर साहेब स्वतःहून कशाला देतील?

त्यांच्या बाबतीत शाळेचाच प्रश्न निघाला. माहेरी आल्यावर मामाच्या गावच्या शाळेत मुलांना घालायचं, तर जुन्या शाळेनं दाखल्याला बापाची सही मागितली. आणि बाप मधल्या सुट्टीत गेटवर येऊन उभा राहू लागला. पहिल्याचं उत्तर शिक्षण हक्क कायद्यात मिळालं. आठवीपर्यंतच्या मुलाला दुसऱ्या शाळेत जायचा हक्क आहे, मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेनं प्रवेश अडवायचा नाही. मी कलम 5 ची प्रिंट काढून पोराच्या फाइलमध्ये घातली. मामाच्या गावच्या गुरुजींनी ती वाचलीसुद्धा नाही, म्हणाले, “कागद राहू दे, पोरं उद्यापासून पाठवा.” असेही असतात. दुसऱ्या प्रश्नासाठी शाळेबाबतचा आदेश मागितला.

केस कुठं टाकायची यावरून तिच्या भावाचा गोंधळ होता. त्याला वाटत होतं, सासर ज्या तालुक्यात तिथंच जावं लागणार. तसं नसतं, बाई सध्या जिथं राहते, तात्पुरती का होईना, तिथल्या कोर्टात अर्ज चालतो. संरक्षण अधिकाऱ्यांचा घटना अहवाल आल्याशिवाय अर्जच घेत नाहीत, असंही त्याला कुणीतरी सांगितलं होतं. अहवाल असला तर उत्तम, आम्ही नंतर तो करून घेतलाच. पण तो नाही म्हणून कोर्टानं थांबायची गरज नाही, हे सुप्रीम कोर्टानं मे 2022 मध्ये स्पष्ट केलंय. आणि मारहाण ताजी असेल तर आधी सरकारी दवाखाना. तिथं डॉक्टरांना खरं सांगायचं. ‘पायरीवरून पडले’ असं एकदा केसपेपरवर लिहिलं गेलं, की तो कागद जन्मभर नवऱ्याच्या कामाला येतो. हिच्या आधीच्या दोन केसपेपरवर ‘पडून मार लागला’च होतं. सासू बरोबर होती ना.

फौजदारी करायची का, हा वेगळा विषय. नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी छळ करण्याचं पूर्वीचं कलम 498अ आता 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत कलम 85 झालंय. लोकांच्या तोंडात अजून ‘चारशे अठ्ठ्याण्णव’च आहे आणि राहील. तिनं ते केलं नाही. “पोरांच्या बापाला आत घालून मी काय करू, मला तो लांब हवाय,” असं म्हणाली. तिच्या भावाला ते आवडलं नाही. मला विचाराल तर ठरवायचं तिनं, भावानं नव्हे आणि स्वयंसेविकेनं तर नव्हेच. डीव्हीचा अर्ज मुळात दिवाणी पद्धतीचा दिलासा आहे, तो मिळूनही नवऱ्यानं आदेश मोडला तर मग गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत लावण्याचा ‘प्रयत्न’ करावा, असं या कायद्यात म्हटलंय. कोर्टासमोर ज्याचं दुकान आहे त्याला ‘प्रयत्न’ या शब्दाची किंमत कळते. पहिल्या तारखेला नोटीस बजावून आली नव्हती. दुसऱ्या तारखेला साहेब रजेवर. तिसऱ्याला तो आला, बरोबर त्याचे वडील आणि सरपंच.

वडिलांचं एकच म्हणणं होतं, घर माझ्या नावावर आहे, हिचा त्यात काय संबंध? ऑक्टोबर 2020 पर्यंत या बोलण्यात दम होता. सुप्रीम कोर्टानं सतीश चंदर आहुजा खटल्यात तो काढून घेतला. सून त्या घरात नांदत होती ना, मग घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिचा राहण्याचा हक्क मागता येतो. वकीलबाईंनी निकालाची प्रत पुढं ठेवली. पण गंमत अशी, की हिला त्या घरात परत जायचंच नव्हतं. हिला शिलाई मशीन, लग्नातली भांडी आणि पोराची सायकल हवी होती. निवासाचा हक्क आहे म्हटल्यावर सासरा त्या तिन्ही वस्तू द्यायला लगेच तयार झाला. घर वाचलं ना!

साडी वकीलबाईंनी पिशवीतून काढून टेबलावर ठेवली होती. मी मागच्या बाकावर होते, तिथून निऱ्यांवरचा निळा डाग दिसत होता, हाताच्या पंजाएवढा आणि त्याच्याखाली शिंतोडे. रंग असा वाळला होता, की कापड तेवढ्या जागी उभं राहत होतं.

पोराला साक्षीला आणायचं का, यावरून आमच्यात वाद झाला. भाऊ म्हणत होता आणायचं, त्याच्यासारखं कोण सांगणार? वकीलबाई आणि मी नको म्हणत होतो. बापासमोर उभं राहून बापाविरुद्ध बोललेलं पोर घरी गेल्यावर कसं होतं, ते मी बघितलंय. या कायद्यात बंद दरवाजाआड सुनावणी मागता येते आणि ताब्याच्या प्रकरणात साहेब मुलाशी आपल्या चेंबरमध्ये बोलू शकतात. पण आपली केस तेवढ्यावाचून उभी राहत असेल, तर पोराला शाळेतच राहू द्यावं. त्यानं दिलेल्या तारखा आईच्या प्रतिज्ञापत्रात आल्या होत्या. फक्त विळीचं तिनं स्वतः सांगितलं, रडत रडत सांगितलं. साहेब काही बोलले नाहीत, पेन खाली ठेवलं.

अंतरिम आदेश त्याच महिन्यात झाला. तिला 3,000, मुलांना प्रत्येकी 2,000. तिच्या माहेरच्या घराच्या आणि शाळेच्या आसपास फिरकायचं नाही. आदेशाची प्रत पोलिसांना द्यायची. शाळेत एक प्रत मी स्वतः नेऊन दिली, गुरुजींनी ती हजेरीपटाच्या कपाटाला आतून चिकटवली.

आई आहे तोवर हे असं तरी होतं. आईच नसली किंवा आईच मारणारी असली, तर डीव्हीचा उपयोग फारसा नाही, तिथं बाल न्याय कायदा येतो, 2015 चा. मागच्या वर्षी नववीतली एक मुलगी बोनाफाइडच्या झेरॉक्सला आली, आणि नोटा मोजताना तिच्या हातावर बिडीचे चटके दिसले. मी तिला काही विचारलं नाही, तिच्या बाईंना फोन केला, बाईंनी मुलांच्या हेल्पलाइनला, 1098 ला. मुलीला बाल कल्याण समितीपुढं नेलं, तसं 24 तासांच्या आत न्यावं लागतं. जाताना ती घाबरली होती, जेलमध्ये ठेवतील म्हणून. समिती म्हणजे ना कोर्ट ना पोलीस ठाणं, एका टेबलाभोवती बसलेली माणसं. आता ती आजीकडे राहते. बालसंगोपन योजनेचे महिन्याला 2,250 रुपये मिळावेत म्हणून फॉर्म भरलाय, त्याला शाळेचा, तलाठ्याचा, बँकेचा असे कागदांवर कागद लागतात, ते सगळे माझ्या मशीनवरूनच गेले. तिच्या बापावर बाल न्याय कायद्याचं कलम 75 लागलंय, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि लैंगिक अत्याचाराचं जराजरी कळलं, तर तिथं ‘आपण कशाला पडा’ चालत नाही. पोक्सो कायद्यानं, ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवायचंच. तो जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा, गणवेश न घालता, मुलाला बरं वाटेल अशा जागी. शिक्षकांना मी हे सांगते तेव्हा निम्मे मान डोलावतात आणि निम्मे मोबाइल बघतात.

एकदा एका कार्यशाळेत ऐकलं, की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशभरात मार खाल्लेल्या 100 बायकांपैकी 14 जणींनीच कुठं ना कुठं मदत मागितली होती. त्यात बहुतेकींनी माहेरीच. वकिलापर्यंत, पोलिसापर्यंत येणारी म्हणजे त्या चौदांतलीही एखादी. म्हणजे माझ्या दुकानाच्या पायरीवर चढते ती किती पायऱ्या चढून आलेली असते, हे मी तेव्हापासून धरून चालते. म्हणून चहा आधी, झेरॉक्स नंतर. (आमचे हे म्हणतात, चहाच्या उधारीत दुकान जाणार. जाऊ दे.)

नमुना मी बदललाय. तिसऱ्या परिच्छेदात आता ‘अपत्ये’ नाहीत. तिथं मोकळी जागा आहे आणि माझ्यासाठी लाल अक्षरात प्रश्न: मूल त्या वेळी कुठं होतं, काय बघितलं, दुसऱ्या दिवशी शाळेत गेलं का, कशाला घाबरतं. एका वकिलांनी सांगितलं, की बाई, एवढं लिहीत बसलात तर दिवसाला एकच अर्ज होईल. होतोच एक. त्यांचं टायपिंग आता शेजारच्या दुकानात जातं.

आता शेवटचं, आणि ते अजून चालू आहे. सामनेवाल्यानं, म्हणजे त्या साडीवालीच्या नवऱ्यानं, चार महिने पैसे भरले आणि बंद केले. सहा महिन्यांचे 42,000 थकलेत. मालमत्ता आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र त्याला द्यावं लागलं होतं, 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोन्ही बाजूंना द्यावं लागतं, शेतकऱ्यांसाठी नमुना वेगळा आहे. त्यात त्यानं लिहिलं होतं, वडिलांच्या शेतात राबतो, स्वतःचं उत्पन्न काही नाही. अशी प्रतिज्ञापत्रं मी इतकी टाइप केलीत, की आपल्या तालुक्यात एकही नवरा कमावता नाही असं वाटायला लागतं.

पण कारखान्याचं बिल त्याच्या खात्यावर येतं, हे पोरानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कलम 20 मध्ये एक पोटकलम आहे, फारसं कुणी वापरत नाही. जो नवऱ्याचा देणेकरी आहे त्याला कोर्ट सांगू शकतं, की त्याचे पैसे परस्पर हिला द्या किंवा कोर्टात भरा. लोक ते फक्त पगाराला लावतात. ऊस घेतला की कारखानाही देणेकरीच की! वकीलबाईंना हे सुचलं तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते, मी शटर ओढत होते, ते परत वर केलं.

अर्जात उसाचा तपशील हवा. गट नंबर, क्षेत्र, नोंद कुणाच्या नावावर. तिला फोन लावला, तिनं फोन पोराकडे दिला. आवाज फुटलाय आता त्याचा, मी आधी मामाच समजले.

“ओढ्याकडचं सव्वा एकर, मावशी. नोंद पप्पांच्या नावावर. ऊस 86032 जातीचा आहे, आडसाली. मीच होतो लागणीला.”

“मग तोड कधी येईल रे?”

तो पलीकडे बोटांवर मोजत असावा. मागं त्याची बहीण मोठ्यानं पाढे म्हणत होती.

“कारखाना सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात येईल,” तो म्हणाला. “तुम्ही त्याच्या आधी टाका अर्ज. चिठ्ठी पडली की पैसे यायला मग वेळ नाही लागत.”